मुळेच्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग

वाकडच्या पुलावरून रोज जा-ये करणाऱ्यांना खाली दिसते ती मुळा, पण तिचं बरंचसं पाणी आपल्यापर्यंत पोचतच नाही. ते मुळशीच्या धरणात अडतं, तिथून उलट पश्चिमेकडे वळवलं जातं आणि सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तेच हे धरण. टाटांचं भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. टर्बाइन फिरवून मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात आणि कोलाडचं राफ्टिंग चालतं ते या पाण्यावर.

एवढं लक्षात घेतलं की पुढचे प्रश्न सुटतात. भर मे महिन्यात आजूबाजूचे ओढे कोरडे ठाक असताना या एका नदीला पाणी कसं? ते सकाळीच का? उत्तर एकच : इथे पाण्यालाही शिफ्ट आहे. सोडलं की काही तास नदी फुगते, बंद केलं की दगड उघडे पडतात. राफ्टवाले ‘आठच्या आत पोचा’ म्हणतात ते उगाच नाही. तुम्ही ताम्हिणीत कणीस खात बसलात म्हणून पाणी थांबत नाही. वीजघराने पाणी सोडलं नाही तर ट्रिप रद्द होते. अशा वेळी पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, हे बुकिंग करतानाच विचारा.

चिंचवडहून कोलाड शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे तीन तास धरून चाला. हिंजवडी, माण, घोटावडेमार्गे पौडला निघालात तर चांदणी चौक टळतो. चाकणकरांनी आधी तळेगाव गाठावं. पुढे मुळशी, ताम्हिणी घाट, विळे. पहाटे चारला निघा किंवा सरळ आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करा. तिसरी पाळी संपवून तसेच गाडीत बसणारे बहाद्दर असतात. घाटात स्टिअरिंग त्यांच्या हाती देऊ नका. ज्यांची आठवडी सुट्टी गुरुवारी, ते मात्र नशीबवान. शनिवार-रविवारची झुंबड त्यांच्या वाट्याला येत नाही.

राफ्ट पाण्यात उतरते रावळजे-साजे परिसरात आणि तिथून साधारण बारा किलोमीटर वाहत येते. प्रवाह दोन ते तीन श्रेणीचा. सहाव्या श्रेणीपर्यंत जाणाऱ्या मोजपट्टीत हे नवशिक्यांना झेपणारं पाणी. दोन्ही बाजूंना उभे कडे असतील अशी कल्पना करून येऊ नका. कडे आहेत, पण वर, कुंडलिकेच्या उगमाकडच्या दरीत. ते बघायचे तर अंधारबनाच्या माथ्यावर जायला हवं आणि त्या वाटेची सुरुवात जिथून होते त्या गावाचं नाव आहे पिंपरी! खाली राफ्टमधून दिसतात ते झाडीचे काठ.

राफ्टिंगवाला निवडताना स्वस्तात काय मिळतंय एवढंच पाहू नका. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते; ती आहे का, विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मदतीला सोबत कयाक असते का, वयाची अट काय, हेही विचारून घ्या. पोहता येत नसलं तरी चालतं, मात्र गाइडपासून ते लपवू नका.

लाइफ जॅकेटची परीक्षा स्वतः घ्या. सगळे पट्टे आवळा आणि शेजाऱ्याला खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटी-कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पुन्हा आवळा किंवा बदलून घ्या. फोटोत जाड दिसतो म्हणून पट्टे सैल करणारे दर गटात एकदोघे निघतातच. हेल्मेटचंही तेच. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा जुने बूट घाला. साधी चप्पल पहिल्याच लाटेला जाते. जीन्स नको, चष्म्याला दोरी हवी, गाडीची किल्ली काठावरच्या माणसाकडे.

बसायचं राफ्टच्या कडेवर, मध्ये नाही. पुढचं पाऊल फुगीर नळीखाली घट्ट अडकवायचं. वल्ह्याच्या टोकाचा आडवा दांडा हातातून सोडायचा नाही, कारण पुढच्याचे दात पाडतो तो हाच दांडा. ‘फॉरवर्ड’ ऐकू आलं की सगळ्यांनी एका तालात ओढायचं. लाट अंगावर येताना घाबरून वल्ही वर उचलण्याकडे ओढा असतो, आणि राफ्ट आडवी होते ती नेमकी तेव्हा. ‘गेट डाउन’ म्हटलं की आत बसायचं.

पडलात तर? उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा प्रयत्न अजिबात नको. पाणी कमरेएवढंच असलं तरी पाय दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारा प्रवाह माणसाला पालथा पाडतो. फेकलेली दोरी छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका. शेवटच्या संथ टप्प्यात गाइड परवानगी देतो तेव्हा खुशाल उड्या मारा. त्याहून खाली मात्र नदीचा मोह नको. पुढे रोहा-धाटावची एमआयडीसी आहे आणि कारखान्यांखालच्या नदीची अवस्था आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

पावसाळ्यात पाणी जोरात असतं, अनुभवही वेगळा. पण ताम्हिणी आणि देवकुंड परिसरासाठी मनाई आदेश निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी बातम्या बघा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबरनंतर जावं. दुपारी कोलाडला मासे-भात खा, सोलकढी प्या आणि तासभर पडा. वल्हवलेल्या हातांनी आणि भरल्या पोटी लगेच घाट चढवू नका, पण अंधार पडायच्या आत मुळशी ओलांडलेली बरी.