सुरतेस गेलेली कुटुंबे आणि मुलांची मायबोली

तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. तिच्याच खोऱ्यातून सुरत–भुसावळ लोहमार्ग गेला आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे याच वाटेने पोटापाण्यासाठी सुरतेस गेली. कोरडवाहू शेती, पावसाचा लहरीपणा आणि हाताला काम नसणे ही त्यामागील कारणे होत. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि बांधकाम यांत त्यांना रोजगार मिळाला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी माणसांची मोठी वस्ती झाली. १ मे १९६० पूर्वी सुरत व खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये झाली आणि सुरतेतील खानदेशी माणूस भाषिक अल्पसंख्य ठरला.

अशा अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आदी माध्यमांच्या शाळा चालविते. गुजरात राज्याने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय आवश्यक केला आहे. हे योग्यच होय. ज्या प्रांतात राहावयाचे तेथील भाषा मुलास आलीच पाहिजे. नवी भाषा शिकताना घरची भाषा गमवावी लागू नये, एवढाच प्रश्न आहे.

भाषा कशी मावळते?

सुरतेतील खानदेशी मुलाच्या कानावर चार भाषा पडतात. आजी अहिराणी बोलते, मराठी शाळेत असल्यास पुस्तक मराठी असते, बाजारात गुजराती चालते आणि कारखान्यात हिंदी. पहिली पिढी अहिराणीतच विचार करते. दुसरीस ती बोलता येते, पण ती मुलांशी बोलत नाही. तिसरीस केवळ समजते. त्यानंतर नात्यांची नावे, देवाची गाणी व खाद्यपदार्थांची नावे एवढेच शिल्लक राहते. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचा आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या हंगेरियन कुटुंबांचा अनुभवही याहून फार निराळा नाही. जेथे घर, सण आणि शाळा या तिघांनी भाषेस आधार दिला, तेथे ती अधिक काळ टिकली.

सणांचा आधार सुरतेत आजही आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तेथे कानबाई बसते, रोट होतात, अहिराणी गाणी म्हटली जातात. आखाजीच्या सुमारास अनेक कुटुंबे गावी येतात. परंतु सण वर्षातून एकदा येतो. भाषेस रोजचा व्यवहार लागतो.

खानदेशातील शाळेचा संबंध काय?

संबंध फार जवळचा आहे. आज सुरतेत असलेले आईबाप काल आपल्याच शाळांत शिकले. ‘शे’ म्हटल्याबद्दल ज्या मुलास वर्गात हसले गेले, ‘मन्हा’ म्हटल्याबद्दल ज्यास छडी मिळाली, तो मोठेपणी परमुलखात आपल्या लेकराशी अहिराणी का बोलेल? बोलीची लाज त्याने येथूनच शिदोरीप्रमाणे बरोबर नेलेली असते. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी खानदेशी ही आपली मातृभाषा सांगितली. एवढ्या लोकांची बोली अशुद्ध कशी म्हणावी? ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात तिची स्वतंत्र नोंद आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. पहिलीच्या वर्गात बोलीतून प्रमाण मराठीकडे जावे. मुलाने ‘आंडोर’ म्हटल्यास फळ्यावर ‘आंडोर – मुलगा’ अशी जोडी लिहावी; पहिला शब्द खोडू नये.

२. सुरतेहून परतलेल्या मुलाचे वय पाहून त्या इयत्तेत प्रवेश द्यावा. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडवू नये. २००९ चा शिक्षण हक्क कायदा हेच सांगतो.

३. गुजराती माध्यमातून आलेले मूल ‘कच्चे’ नसते. त्यास एक लिपी अगोदरच येत असते. ग, न, म, र, त, प ही अक्षरे दोन्ही लिप्यांत बरीच सारखी आहेत. गुजरातीत केवळ शिरोरेषा नसते. त्यांपासून आरंभ करावा. क, ख, ज, झ, फ, ब, भ, ल यांची वळणे निराळी असल्याने ती मागाहून व सावकाश घ्यावीत.

४. त्या मुलाकडून इतरांना काही गुजराती शब्द शिकवून घ्यावेत. अहिराणीतील ‘शे’ आणि गुजरातीतील ‘छे’ यांचे साम्य मुलांना चटकन पटते आणि नवख्या मुलाचा संकोचही जातो.

५. आजीकडून ऐकलेली ओवी, कोडे वा म्हण मुलांनी वहीत उतरवून आणावी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या मंडळींनी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रास मिळाली. न लिहिलेले किती गेले, याचा हिशेब कोणापाशीच नाही.

६. सुरतेस गेलेल्या सोबत्यास मुलांनी महिन्यातून एक मराठी पत्र लिहावे. उत्तरात चुका असल्या तरी ते वर्गात कौतुकाने वाचावे.

७. मूल गाव सोडून जात असेल तर दाखला त्वरित द्यावा, सुरतेतही मराठी शाळा आहेत हे पालकांस सांगावे आणि घरी मुलाशी अहिराणीतच बोलावे, असा आग्रह धरावा.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस खर्च येत नाही. आजोळी आलेल्या नातवाचे बोलणे आजीस कळावे आणि आजीचे नातवास, एवढे साधले तरी शाळेने मोठे काम केले असे होईल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतून गेल्या तीन वर्षांत किती मुले परप्रांतात गेली व किती परत आली?
२. परत आलेल्या मुलांस वाचनात नेमकी कोणती अडचण येते?
३. आपल्या वर्गात बोली बोलणाऱ्या मुलास कोणी हसते काय? हसल्यास शिक्षक काय करतात?