मंजूर झालेला पैसा म्हणजे हातातला पैसा नव्हे!

व्हिडिओतला बायोमेडिकल इंजिनिअरिंगवाला मुलगा आठवतोय ना? महाडीबीटीचा फॉर्म भरायला माझ्याच झेरॉक्सच्या दुकानात आला होता. योजना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर मुलांना ट्यूशन फीचे ५० टक्के मिळतात.

फॉर्म मंजूर झाला आणि गड्याने त्या भरवशावर ईसीजी प्रोजेक्टचे सेन्सर, बोर्ड उधारीवर उचलले. हप्ता लांबला. मेसचे पैसे थकले. पोरगा कॉलेज सोडायची भाषा करू लागला.

मी त्याला एक वही दिली. तीन रकाने: मंजूर, जमा, खर्च. खर्च करायचा तो फक्त 'जमा' बघून. संध्याकाळी दोन तास तो माझ्या काउंटरवर बसू लागला, मेसची बाकी फिटली. दरवर्षी फॉर्म रिन्यू करायची आठवणही त्याच वहीत. आज तो शेवटच्या वर्षाला आहे.

आता तुमचं बघा. मोठी ऑर्डर मिळाली, बिल पास झालं, की लगेच माल भरता ना? चेक वटेपर्यंत तो पैसा तुमचा नाही. आजच वही काढा आणि तीन रकाने आखा. 'मंजूर' आणि 'जमा' यांत किती फरक आहे, ते बघूनच पुढची खरेदी करा.