संभाजीनगरात दोन रात्री: खोली कितीला, सहल कितीला

अजिंठा-वेरूळ बघायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, 'तिथे लॉज कितीला मिळेल?' उत्तर सोपं आहे. छत्रपती संभाजीनगरात दोघांसाठी साधी, स्वच्छ, नॉन-एसी खोली एरवीच्या दिवसांत साधारण 800 ते 1,400 रुपयांत मिळते. एसी हवा असेल तर 1,500 ते 2,500 धरून चला. पण सहलीचा खर्च या आकड्यावर ठरत नाही. खोली कुठे घेतली, कोणत्या वारी घेतली आणि लॉजवाला दिवस कधीपासून मोजतो, या तीन गोष्टींवर तो ठरतो. खोलीत 300 रुपये वाचवायचे आणि रिक्षाला 500 घालायचे, हा हिशेब कोणालाच परवडत नाही.

आधी वार बघा. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. रविवारी संध्याकाळी पोहोचून मंगळवारी परतायचा बेत केलात, तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असाच क्रम ठेवा. क्रम उलटा झाला तर दोन रात्रींचं भाडं भरून दोन्ही लेणी हुकतात. बुधवार ते शुक्रवार हे सगळ्यात स्वस्त आणि निवांत दिवस. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत हीच खोली दीडपट-दुप्पट होते. लग्नसराईची तारीख असली की वऱ्हाडं लॉजच्या लॉज अडवून ठेवतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या गर्दीमुळे वेरूळ-खुलताबादकडे मुक्काम मिळणं अवघड होतं. पावसाळ्यातले बाकीचे दिवस मात्र मला सगळ्यात फायद्याचे वाटतात. खोलीचा भाव बोलून कमी होतो, एसीची गरज नसते आणि वेरूळला 29 क्रमांकाच्या लेण्याजवळचा धबधबा वाहत असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा एसीचे पैसे वाचवू नका, विशेषतः सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर.

आता जागा. मध्यवर्ती बसस्थानकापासून रेल्वे स्टेशनपर्यंतचा पट्टा आणि त्याला लागून असलेला समर्थनगरचा भाग स्वस्त मुक्कामासाठी उत्तम. वेरूळची, अजिंठ्याची एसटी मध्यवर्ती स्थानकातूनच सुटते. सकाळी चालत जाऊन बस पकडता आली तर रिक्षाचे रोजचे दीड-दोनशे रुपये वाचतात. बऱ्याच खासगी ट्रॅव्हल्स बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात उतरवतात, तिथूनही या पट्ट्यातले लॉज जवळ आहेत. जालना, नांदेडकडून येणाऱ्यांना जालना रोडवरचं सिडको बसस्थानक सोयीचं वाटतं आणि तिथली हॉटेलं थोडी नवीही आहेत, पण लेण्यांसाठी रोज शहर ओलांडावं लागतं. स्टेशन रोडवर एमटीडीसीचं निवासस्थान आहे, अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरलाही आहे. तिथे लॉजपेक्षा पैसे जास्त पडतात, पण खोल्या मोठ्या आणि आवार मोकळं.

वेळेचा मुद्दा लोक विसरतात. मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस पहाटे चारच्या सुमारास पोहोचते, रात्रीच्या ट्रॅव्हल्सही पहाटेच येतात. दुपारी 12ला दिवस बदलणाऱ्या हॉटेलात पहाटे पाचला खोली घेतलीत, तर बारा वाजता एक दिवस संपतो आणि दोन रात्रींचे तीन दिवस लागतात. म्हणून '24 तास चेकआउट'ची पाटी असलेलं लॉज शोधा. पहाटे पाचला घेतलेली खोली तिथे दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत तुमची असते. ही अट फोनवर विचारा आणि पावतीवर चेक-इनची वेळ लिहून घ्या. ॲपवरून बुकिंग केलं असेल तरी आदल्या दिवशी हॉटेलला फोन करा. काउंटरवर 'हा रेट आम्हाला परवडत नाही' असं ऐकायची वेळ पहाटे येऊ नये. ॲपमध्ये शोधताना 'औरंगाबाद'ही टाकून बघा, काही हॉटेलं अजून जुन्या नावाखाली सापडतात. स्टेशनबाहेर एखादा रिक्षावाला 'ते लॉज बंद पडलंय' म्हणाला, तर त्याच्यासमोरच लॉजला फोन लावा. दुसऱ्या लॉजकडून त्याला मिळणारं कमिशन तुमच्याच भाड्यात धरलेलं असतं.

पैसे देण्याआधी खोली बघायला मागा. चांगला लॉजवाला याचा राग धरत नाही. काउंटरमागच्या फळीवरची किल्ली घेऊन पोऱ्या पुढे निघाला की त्याच्याबरोबर वर जा. चादर उचलून गादीची कड बघा, दाराची आतली कडी नीट बसते का ते लावून बघा, खिडकी उघडते का बघा आणि बाथरूमचा नळ सोडा. नळ सोडून बघणं या शहरात विशेष गरजेचं. शहराला पाणी जायकवाडीहून येतं, पण वर्षानुवर्षं ते नळाला रोज येत नाही. लॉजवाले टँकर घेतात, टाकी संपली की दुपारी नळ कोरडा पडतो. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सकाळी ठरावीक दोन-तीन तासच असतं. अजिंठ्याला जायला पहाटे निघायचं असेल, तर 'सहाच्या आत गरम पाणी मिळेल का?' हे आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

रजिस्टरमध्ये नाव, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण हे सगळं लिहावं लागतं आणि प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. आधारची प्रत द्यायची तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढून न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जादा गादीचे 200-300 रुपये वेगळे लागतात, तेही आधीच बोलून घ्या.

बिलाकडे नीट बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, त्याआधी 12 टक्के होता. कोणी अजून बारा लावत असेल तर थांबवा. नोंदणी नसलेल्या छोट्या लॉजला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक छापलेला नसेल तर कर देऊ नका. मात्र अशाच लॉजची खोली ॲपवरून घेतली तर कर ॲपकडून लागतो, म्हणून थेट फोनवर भाव विचारलेला बरा. जेवणाच्या बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज काढून टाकायला सांगायचा तुम्हाला अधिकार आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

प्रवासात सगळ्यात मोठी बचत एसटीची. वेरूळ शहरापासून 30 किलोमीटर. कन्नड, चाळीसगावकडे जाणाऱ्या गाडीने 50-60 रुपयांत पोहोचता, काळी-पिवळीही मिळते. अजिंठा सुमारे 100 किलोमीटर. जळगावच्या साध्या गाडीला पावणेदोनशेच्या आसपास भाडं आणि अडीच-तीन तास. महिलांना मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. अजिंठ्याला खासगी गाडी काय किंवा एसटी काय, फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरून पुढचे 4 किलोमीटर शटल बसनेच जावं लागतं, तिचं तिकीट वेगळं. लेण्यांचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, बीबी का मकबरा आणि देवगिरी किल्ल्याचं 25. ऑनलाइन काढलं तर प्रत्येकी पाच रुपये कमी, 15 वर्षांखालच्या मुलांना मोफत.

नवरा-बायकोचा हिशेब मांडू. 1,300 ची खोली दोन रात्री, करासह 2,730. वेरूळ आणि अजिंठा एसटीने जाऊन येऊन, बाईंचं अर्धं तिकीट धरून, सुमारे 700. चारही ठिकाणची तिकिटं 260, शटल आणि रिक्षा मिळून 700. नाश्ता, थाळी, चहा, आणि एका संध्याकाळी मांसाहारींनी जुन्या शहरात नान-खलिया खावा, हे सगळं धरून 1,700. एकूण सहा हजारांच्या थोडं वर. तेच दोन्ही दिवस स्वतंत्र गाडी केली तर पाच-सहा हजार आणखी लागतात. दोघांसाठी मी गाडी करू नये असंच म्हणेन. पाच-सहा जण असाल, त्यात गुडघे दुखणारी आई असेल, तर वेरूळच्या दिवशी जरूर करा. देवगिरी, खुलताबाद, वेरूळ एकाच वाटेवर आहेत, एका गाडीत तिन्ही होतात. अजिंठ्याला मात्र एसटीच.

अजिंठ्याच्या दिवशी आणखी एक पर्याय आहे. तिथून जळगाव फक्त 60 किलोमीटरवर आहे आणि मुंबई, नाशिक, नागपूरच्या भरपूर गाड्या जळगावहून मिळतात. अजिंठा शेवटच्या दिवशी ठेवलं तर संभाजीनगरला परत यायचे 100 किलोमीटर आणि एका रात्रीचं भाडं वाचतं. सामान मात्र सोबत असतं. क्लोक रूमची सोय आहे, पण एका पाठपिशवीत बसेल एवढंच घेऊन निघालेलं बरं.

शहरातूनच परतणार असाल, तर शेवटच्या दिवशी अर्ध्या दिवसाचं जादा भाडं भरू नका. सकाळी खोली सोडून सामान काउंटरवर ठेवायला सांगा. बहुतेक लॉज फुकट ठेवतात, काही जण नगामागे 20-30 रुपये घेतात. बॅगेला कुलूप लावा, पैसे आणि कागदपत्रं जवळ ठेवा आणि मकबरा, पाणचक्की बघून गाडीच्या तासभर आधी परत या.