अपशकुनी रंग
जपानमधील कावासाकी हा मूळचा जहाजबांधणीचा कारखाना. १८७८ साली टोकियोत त्याचा पाया घातला गेला. मोटारसायकली पुष्कळ पुढच्या. अमेरिकेतील मोटारशर्यतींत हिरवा रंग अपशकुनी मानीत. यंत्रावर विश्वास ठेवणारी माणसेही रंगाला भीत! १९६९ साली डेटोनाच्या शर्यतीत कावासाकीने नेमका तोच रंग, तोही कच्च्या लिंबासारखा झगझगीत, आपल्या गाड्यांना दिला. यात धाडस होते, तशी चतुराईही होती. इतर तो रंग टाळीत. त्यामुळे भरधाव गर्दीतही ही गाडी दुरून ओळखू येई. पुढे १९७८ व १९७९ या दोन्ही वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या कॉर्क बॅलिंग्टनने हिरव्या कावासाकीवरच २५० व ३५० सी. सी. या दोन्ही गटांचे जगज्जेतेपद मिळविले.