पालक आणि पाल्य : डेटाबेसमधले नाते



शाळेच्या रजिस्टरमध्ये आपण पाल्याच्या ओळीत पालकाचे नाव लिहितो. पालकापुढे सगळी मुले लिहीत बसत नाही. तीन भावंडं असली तर जागा कुठून आणणार? डेटाबेसचेही तसेच. 'पालक' टेबलात आईची एक ओळ, क्रमांक 7. 'पाल्य' टेबलात दोन भावंडांच्या दोन ओळी, दोन्हींत पालक क्रमांक 7. हीच फॉरेन की.

जावाच्या कोडमध्ये मात्र आईच्या ऑब्जेक्टकडे मुलांची यादी असते आणि मुलाकडेही आई असते. हायबरनेटमध्ये यादीवर 'मॅप्डबाय' लिहिले, की नाते साठवताना फक्त मुलाची बाजू बघितली जाते. म्हणून मूल नुसते यादीत टाकून भागत नाही, मुलाला त्याची आईही सांगावी लागते. नाहीतर मूल सेव्ह होते, पण पालक क्रमांक कोराच! आणि तो रकाना कोरा चालत असेल तर एररसुद्धा येत नाही.

'कॅस्केड'चे 'रिमूव्ह' तर जपूनच वापरा. ते आईकडून मुलांकडे लावले, की आईची नोंद पुसताच मुलांच्याही नोंदी पुसल्या जातात. बिल आणि बिलातल्या ओळींना हे ठीक आहे. पण मूल आजीकडे राहायला गेले, पालक बदलला, म्हणून कुणी जुनी नोंद काढली तर? मूलच पटावरून गायब!