गहू सोडण्याआधी रक्त तपासा

‘बायकांना रक्त कमी असायचंच’ या एका वाक्यावर माझी कित्येक वर्षं गेली. लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन वर सरकेना. पोट फुगायचं, ढाळ लागायचे, मेडिकलवाला ढाळ थांबायची गोळी हातावर ठेवायचा. नवरात्रात मात्र भगर-राजगिऱ्यावर पोट जरा निवायचं. सासूबाई म्हणायच्या, देवीची कृपा. ती असेलच; पण त्या दिवसांत ताटात चपाती नसते, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी ही रक्ततपासणी केली, दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झालं: सीलिॲक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच आतड्याचं अस्तर झिजवतं, म्हणून लोह पोटात जाऊनही रक्तात उतरत नाही. डिक नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला दुसऱ्या महायुद्धात पाव मिळेनासा झाल्यावर अशी मुलं सुधारताना दिसली होती. आमच्या उपवासासारखंच म्हणायचं.

उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. त्या बाबतीत परभणीकर नशीबवान! ज्वारीत ग्लुटेन नाही, आणि इथल्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे लोह-जस्त जास्त असलेलं वाण दिलं. पण भाकरी सुरू करूनही माझा त्रास थांबेना. घोळ गिरणीत होता. गव्हामागून ज्वारी टाकली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात उतरतंच. घरघंटी घेतली, तेव्हा फरक पडला. दुसरा चोर हिंगाच्या डबीत. बाजारच्या बऱ्याच हिंगांत मैदा असतो, बारीक अक्षरं वाचा. लग्नाच्या पंगतीत तर वरणाची फोडणीही विचारूनच.

गोळ्यांचंही पथ्य असतं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, कॅल्शियम त्याच वेळी नको. दोन तासांचं अंतर ठेवा. डी आणि बी-१२ डॉक्टर तपासून सांगतील तेवढंच. सुरुवातीला दूध पचलं नाही तर घाबरू नका, आतडं सावरलं की बहुधा सोसतं.

माझं पाहून एका बहिणीने आधी चपाती सोडली, मग रक्त दिलं. अहवाल साफ आला! गहू बंद असला की तपासणीत आजार दडतो. डॉक्टरांनी तिला पुन्हा काही आठवडे चपाती खायला लावली, ते दिवस तिने पोट धरून काढले. तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून गहू सोडू नका, आधी टीटीजी करा. आणि घरात एकाला निघाला असेल तर आई-वडील, भावंडं, लेकरं यांचंही रक्त तपासून घ्या. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला तो निघू शकतो, पोट दुखत नसलं तरी.