आमच्या विहिरीतील थर

खटाव तालुक्यात आमच्या शेतात विहीर खणायचे काम चालू आहे. काळा दगड फोडल्यावर तांबड्या मातीचा हातभर थर लागला. त्याखाली पुन्हा काळाच दगड! त्यात मला पांढरे, चकचकीत काहीतरी दिसले. शंखच तो, असे समजून मी शाळेत पळालो. गुरुजी हसले, "अरे, ही गारगोटी!" मी हिरमुसलो.

मग गुरुजींनी समजावले. सातारा-सांगलीचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तापलेल्या रसात शंख कसा टिकणार? पण दोन रसांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला. तेवढ्यात दगड झिजून माती झाली आणि तिच्यावर पुढचा रस पसरला. तोच हा तांबडा थर. नागपूरजवळ टाकळीला अशाच मधल्या थरात १९व्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातले शंख मिळाले. म्हणजे तिथे तेव्हा तळे होते!

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पाणी अजून लागले नाही. पण आता वडील रोज विचारतात, "आजचा थर वहीत लिहिलास का रे?" मुलांनो, तुम्हीही विहिरीत डोकावा, पण मोठ्या माणसाचा हात धरूनच.